आधी आरपीएम सांग, मग कार्ब माग

प्रिय पोट्ट्या,

रविवारी गॅरेजच्या पायरीवर बसून तू विचारलंस, "काका, कार्ब मोठा टाकला, तरी गाडी हळू काहून झाली?" मी चहा मागवून विषय टाळला. सोबत तुझे दोन मित्र होते आणि खरं उत्तर द्यायचं तर माझीच फजिती सांगावी लागली असती. आता लिहितो.

तुझी आरएक्स 98 सीसीची. कंपनीने तिला 20 मिलिमीटर भोकाचा मिकुनी कार्ब (कार्ब्युरेटर, हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा) देऊन 7500 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 7500 फेऱ्यांना, 11 हॉर्सपॉवर काढली. तू बसवलास 28चा. आठच मिलिमीटर वाढले असं तुला वाटलं. अरे, भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. 20चं 314 चौरस मिलिमीटर, 28चं 616. म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि हवा ओढणारं इंजिन मात्र तेच. 7500ला ते सेकंदाला ढोबळमानाने सव्वाबारा लिटर हवा ओढतं. जुन्या कार्बमधून ती सरासरी सेकंदाला 39 मीटरने धावायची, आता 20ने रांगते. वेग अर्धा झाला की पेट्रोल वर ओढणारा दाबातला फरक चौथाईवर येतो. मग तुषार कुठले, थेंबच पडतात. शर्यतीत वळणातून निघताना 4500ला तू थ्रॉटल पिळतोस, कार्बमधली हवेची वाट उघडणारी स्लाइड सर्रकन वर जाते, इंजिन 'बुऽऽ' करून बसतं. तेवढ्यात मागचा पोरगा निघून जातो.

28मधून जुना वेग परत मिळवायला इंजिन 14,700 फिरलं पाहिजे. तुझे पोर्ट (सिलिंडरमधली हवा-धुराची भोकं) आणि सायलेन्सर तिथवर जातात का? तुझ्यासारख्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या ताकदीचं शिखर किती आरपीएमला येणार हे मुख्यतः तेच ठरवतात. कार्बने त्या शिखरापुरती हवा द्यायची, बस. म्हणून आधी आरपीएम सांग, मग कार्ब माग.

उलटही खरं आहे. पोर्ट घासून, चेंबर (शर्यतीचा फुगीर सायलेन्सर) लावून इंजिन साडेदहा-अकरा हजारांना न्यायचं असेल, तर 20चा कार्ब इंजिनाचा गळा आवळेल, वर ताकद सपाट होईल. तिथे 24 बसतो. 10,800ला त्याच्यातून तोच 39चा वेग मिळतो. पण तू अजून सिलिंडर उघडलेलाच नाहीस! मातीच्या छोट्या ट्रॅकवर तुझं इंजिन कुठून कुठवर फिरतं हे मी विचारलं, तर तू कार्बची किंमत सांगितलीस.

आता माझं ऐक. तेविसाव्या वर्षी मीही मोठाच कार्ब लावला होता. खाली गाडी ढेपाळायची, प्लग काळा-ओला निघायचा. मी म्हटलं मिश्रण जाड आहे, पेट्रोल जास्त जातंय, आणि मेन जेट (फुल थ्रॉटलला पेट्रोल सोडणारं बारीक भोक) दोन नंबर लहान केलं. आजार खालच्या वेगाचा, औषध मात्र फुल थ्रॉटलचं. जेट उतरवलं ते मे महिन्यात, 45 अंशांत. शर्यत डिसेंबरच्या पहाटे, दहा अंशांना. त्या गारठ्यात हवा बारा टक्के दाट असते, म्हणजे पेट्रोल आणखीच कमी पडलं. सरळ पट्ट्यावर पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकला आणि मागचं चाक एकदम जाम झालं. पिस्टनच्या स्कर्टवर, म्हणजे खालच्या बाजूच्या भिंतीवर, उभे ओरखडे होते, नखाला लागतील एवढे खोल. तो पिस्टन अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

माझा जोडीदार आठवडाभर सांगत होता, जुना कार्ब लाव. मी सगळ्यांसमोर त्याच्यावरच ढकललं, पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल कमी टाकलं म्हणून. तो काही बोलला नाही. पुन्हा गॅरेजमध्ये आलाही नाही. पिस्टन नवा मिळाला, तो मिळाला नाही.

काकांचं डोकं 24वर अडकलंय असं तुम्ही पोट्टे मागे म्हणता, ते मला कळतं. अडकलंय, हओ. पण त्यानंतर माझ्या हाताखालचं एकही इंजिन कार्बपायी वळणात बसलेलं नाही, आणि आधी आरपीएम विचारल्याशिवाय मी कोणाला कार्ब विकलेला नाही. गिऱ्हाइकं गेली. जाऊ दे.

गुरुवारी दुपारी ये. टॅकोमीटर मी लावून देतो, दहा फेऱ्या मार आणि प्रत्येक वळणातून निघताना काटा कुठे असतो ते सांग. जुना 20चा सोबत आण. विकला असशील, तर ज्याला विकलास त्याच्याकडून आधी परत घे, मगच ये.

तुझा काका