वाचकांचे प्रश्न : स्कूल बसचे छत किती उंच करावे?

प्रश्न : आम्ही वाईजवळ राहतो. शाळेच्या सेवेतून निघालेली एक स्कूल बस आम्ही विकत घेतली असून तिचे फिरते घर करण्याचा विचार आहे. आतील उंची सहा फूट भरते आणि माझ्या यजमानांची उंची सहा फूट एक इंच आहे. बाहेरून बस दहा फूट उंच आहे. कुपवाडच्या एका फॅब्रिकेटरने छत दोन फूट वर घेऊन देतो असे सांगितले आहे. तेवढ्यात वर माळ्यासारखी झोपण्याची जागाही निघेल असे तो म्हणतो. हे करावे का?
— एक वाचक, वाई

उत्तर : छत उंच करावे, पण दोन फूट नव्हे, एक फूट, आणि तेही कागदोपत्री मार्ग मोकळा झाल्यावरच. जमिनीवर इन्सुलेशन व प्लायवूड आणि छताला इन्सुलेशन व आतील आवरण लावले की सुमारे तीन इंच जातात, म्हणजे आज सहा फूट असलेली उंची पाच फूट नऊ इंच होईल. एक फूट वाढवल्यास सहा फूट नऊ इंच मिळतात, आणि आपल्या यजमानांना त्याहून अधिक लागत नाही.

दोन फूट वाढवल्यास बाहेरची उंची बारा फूट, म्हणजे सुमारे 3.65 मीटर होईल. त्यावर सोलर पॅनेल आणि त्याची चौकट बसवली की केंद्रीय मोटार वाहन नियमांतील एकमजली बसची 3.8 मीटरची मर्यादा जवळपास गाठली जाते. शिवाय सुरूर-वाई रस्त्यावरील वडांच्या झुकलेल्या फांद्या आणि चाळकेवाडीच्या पठारावरचा आडवा वारा यांना कागदावरची मर्यादा ठाऊक नसते. माळ्यावर माणसे झोपणार, सामान जाणार, म्हणजे वजनही वरच चढणार, आणि पसरणी घाटाच्या वळणांवर त्याचा झोल चालकाला जाणवेल. पाण्याची टाकी मात्र खाली, दोन्ही आसांच्या मधोमध ठेवावी. 200 लिटर पाणी म्हणजे 200 किलो वजन असते.

काम कसे होते हे समजून घेतले तर फॅब्रिकेटरला योग्य प्रश्न विचारता येतील. आधी आसने, आतील पत्रा, काचा आणि छतातील वायरिंग काढतात. मग खिडक्यांमधील सर्व खांब एकाच रेषेत कापून छताला जॅकने थोडे थोडे, चारही बाजूंनी सारखे उचलतात. अमेरिकेत, जिथे हा प्रकार रूढ आहे, तिथल्या स्कूल बसला उलटल्यावर छत किती दबावे याचे मानक 1977 पासून लागू आहे. तेथे एका बाजूच्या खांबापासून छतावरून दुसऱ्या बाजूपर्यंत जाणारी पोलादी कमान ही छताच्या मजबुतीचा आधार असते. ती कापली की सारी भिस्त जोडावर येते. आपल्याकडच्या बसचे सांगाडे बहुधा चौकोनी नळ्यांचे असतात, म्हणून नुसते टोकाला टोक लावून वेल्डिंग करू देऊ नये. आत घट्ट बसणारी दुसरी नळी वर-खाली किमान सहा इंच शिरवून मगच जोड भरून घ्यावा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा असेल तर वेल्डिंगच्या जागेचा जस्ताचा थर आधी घासून काढावा, कारण त्याचा धूर घातक असतो. बॅटरीचे टर्मिनल काढावे आणि इंजिनचे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटही सोडवून ठेवावे. वेल्डिंगच्या प्रवाहाने ते जळाल्याचा खर्च छताच्या कामालाही मागे टाकू शकतो.

समोरच्या काचेच्या वर, छत उचलल्याने मोकळ्या झालेल्या भागात उभी सपाट भिंत उभारू नये, तो भाग मागे कलता करावा. वाऱ्याचा अडथळा त्याने कमी होतो, डिझेलही कमी लागते. जोडांवर जस्तयुक्त प्रायमर आणि पॉलियुरेथेन सीलंट हवेच. महाबळेश्वराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना पावसाबद्दल वेगळे सांगायला नको.

आता कागदांचा भाग, जो कापण्याआधी सोडवायचा आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितले आहे. बेकायदा बदलासाठी कलम 182अ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्हीही, अशी तरतूद आहे. त्यामुळे “आधी करून टाकू, पासिंगच्या वेळी पाहू” हा बॉडीवाल्यांकडचा नेहमीचा सल्ला मानू नये. प्रथम रेखाटन घेऊन साताऱ्याच्या आरटीओ कार्यालयात लेखी विचारणा करावी. मोटार कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशा फिरत्या घरांसाठी, एआयएस-124 हे स्वतंत्र मानक आहे. त्यानुसार मंजुरी असलेल्या बॉडी बिल्डरकडून काम करून घेण्याचा मार्ग अधिक खर्चाचा असला तरी रस्त्यावर धावणाऱ्या घरासाठी मी तोच सुचवेन. शाळेचा पिवळा रंग आणि प्रमाणपत्रातील वाहनाचा वर्ग, हे बदलही नोंदवून घ्यावे लागतील.

बस शेतातच कायम उभी ठेवायची असेल, तर मात्र नोंदणी रीतसर रद्द करून घ्यावी आणि मग माळ्यासाठी दोन फूट वाढवायलाही हरकत नाही. तेव्हाही मागचे आपत्कालीन दार कपाटाने बंद करू नका. गॅसची शेगडी आत आली की ते दार अधिकच लागते.