परदेशात घरून वेबचं काम : भाडेकरारावर सही करण्याआधी लाइन बघा

दोन महिन्यांनी फ्रंटएंडच्या (वेबसाइटचा वापरणाऱ्याला दिसणारा भाग बनवण्याच्या) नोकरीवर परदेशी जाताय, आठवड्यातले तीन दिवस घरून काम आहे, तर इंटरनेटचं काय बघावं आणि निघण्याआधी काय शिकावं, असं तुम्ही विचारलंय. इंटरनेटपासून सुरू करतो, कारण ते चुकलं तर प्रोबेशनचे पहिले महिने त्यातच जातात.

घर पसंत पडलं की सही करण्याआधी तो नेमका पत्ता दोन-तीन कंपन्यांच्या साइटवर टाकून बघा. जाहिरातीतल्या ‘फायबर’ शब्दावर जाऊ नका. फायबर घरात येते की रस्त्यावरच्या पेटीपर्यंतच, हे विचारा. पेटीपासून पुढे टेलिफोनची तांब्याची तार असेल तर काहीशे मीटरांतच वेग झपाट्याने पडतो. केबल टीव्हीच्या तारेवरून येणारं नेट परिसरात वाटलं जातं, त्यामुळे संध्याकाळी मंदावू शकतं. जोडणीला काही आठवडेही लागतात, भिंतीला भोक पाडायला घरमालकाची परवानगी लागते, आणि करार बऱ्याचदा १२ किंवा २४ महिन्यांचा असतो. म्हणून पहिल्या महिन्यासाठी भरपूर डेटा असलेलं सिम आणि हॉटस्पॉट गृहीत धरूनच चला.

सगळे डाउनलोड विचारतात. आपल्या कामात अडतं ते अपलोडवर. २ जीबीची डॉकर इमेज (ॲप आणि त्याला लागणारं सगळं बांधलेलं गाठोडं) १० एमबीपीएसने चढवायला जवळपास २७ मिनिटं लागतात, ५० एमबीपीएसने पाच-साडेपाच. (प्लॅनवरचा आकडा मेगाबिटमध्ये असतो, ८ ने भागलं की मेगाबाइट मिळतात.) शिवाय अपलोड भरून वाहत असताना राउटरमध्ये पॅकेट (डेटाचे छोटे गठ्ठे) साचतात आणि व्हिडिओ कॉल तुटक होतो. राउटरमध्ये एसक्यूएम (ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय) असेल तर ते चालू करून मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा. वेग थोडा कमी दिसेल, पण कॉल सुरळीत चालेल. मोजणी मात्र लॅपटॉपला लॅन केबल लावूनच करा, नाहीतर वायफायचा दोष लाइनच्या माथी मारला जातो.

एक बिघाड ओळखून ठेवा, कारण तो फार छळतो: व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित मार्ग) जोडला जातो, साधी पानं उघडतात, पण गिट पुश (कोड सर्व्हरवर चढवणं) किंवा मोठी फाइल मध्येच लटकते. संशय एमटीयूवर, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकारावर, घ्या. साध्या इथरनेटवर तो १५०० बाइट असतो, पीपीपीओई (काही कंपन्यांची लॉगिनवाली जोडणी) ८ बाइट खातं म्हणून १४९२ उरतात, आणि व्हीपीएनचं वेष्टन आणखी काही खातं. वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने ‘पॅकेट मोठं आहे’ हा निरोप अडवला, तर पाठवणाऱ्याला काही कळतच नाही. पिंग या पोच तपासणाऱ्या कमांडमध्ये पॅकेटचे तुकडे न करण्याचा पर्याय लावून १४७२ बाइट पाठवा. जात नसेल तर आकडा कमी करत जा. जो जाईल त्यात २८ (पॅकेटच्या हेडरचे बाइट) मिळवले की लाइनचा आयपीव्ही४ एमटीयू मिळाला. व्हीपीएनचा एमटीयू त्याहून कमी ठेवा. १२८० वर सहसा चालतंच.

निघण्याआधी आणखी एक काम: जिथे जिथे ओटीपी एसएमएसने येतो, ती खाती शक्य तिथे ऑथेंटिकेटर ॲपवर हलवा आणि रिकव्हरी कोड कागदावर उतरवा. जुना नंबर बंद पडल्यावर कोड रिपॉझिटरीत शिरता न येणं ही टाळता येण्यासारखी फजिती आहे.

आता शिकण्याचं. आणखी एक फ्रेमवर्क (तयार कोडचा सांगाडा) शिकू नका. नेटवर्क शिका. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे ७,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरला जाऊन यायला ७० मिलिसेकंद तरी लागणारच; प्रत्यक्षात वाट वळणावळणाची, त्यामुळे जास्तच. नव्या जोडणीत टीसीपीची (जोडणी उघडण्याची) एक फेरी, टीएलएस १.३ ची (एनक्रिप्शन ठरवण्याची) एक आणि मागणीची एक, अशा तीन फेऱ्यांनंतर पहिला बाइट हाती येतो. हे समजलं की सीडीएन (वापरणाऱ्याच्या जवळच्या सर्व्हरवर फाइलींच्या प्रती ठेवणारी सेवा) कशाला आणि जावास्क्रिप्टचे तुकडे एकामागून एक का मागवू नयेत, हे मुलाखतीत स्वतःच्या शब्दांत सांगता येतं. सोबत तीन कमाल मर्यादा पक्क्या ठेवा: एलसीपी (पानाचा मुख्य भाग दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंद, आयएनपी (क्लिक-टॅपला पान प्रतिसाद देतं तो वेळ) २०० मिलिसेकंद, सीएलएस (पानावरच्या गोष्टी किती हलतात त्याचं माप) ०.१. आयएनपी मार्च २०२४ मध्ये एफआयडीच्या (पहिल्या क्लिकला होणाऱ्या उशिराच्या मापाच्या) जागी आला. पोर्टफोलिओत ‘वेग वाढवला’ एवढंच लिहू नका. आधीचा आकडा, नंतरचा आकडा आणि काय बदललं ते लिहा.

युरोपात जात असाल तर सुलभतेचा (अपंगांनाही साइट वापरता यावी यासाठीच्या रचनेचा) अभ्यास हवाच. युरोपीय संघाचा सुलभता कायदा २८ जून २०२५ पासून लागू आहे, ऑनलाइन दुकानं आणि बँकिंग सेवा त्यात येतात. माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डवर आपला फॉर्म भरून बघा. फोकस (कीबोर्ड आत्ता कुठल्या रकान्यावर आहे ती खूण) कुठे हरवतो ते पहिल्या मिनिटातच दिसेल.

आणि सुट्टीत मायदेशी येऊन तिथून दोन आठवडे काम करायचा बेत असेल, तर आधी कंपनीकडून लेखी परवानगी घ्या. नेट तिथेही असतं, पण कर, विमा आणि डेटाचे नियम देश बदलला की बदलतात, आणि कंपनीचा व्हीपीएन दुसऱ्या देशातून अडवलेलाही असू शकतो.