दुर्बिणीला डोळा लावून पोट भरतं का?

बार्शीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि मुलगी एस.वाय.बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेऊन शिकते. पत्रातला मुख्य भाग असा:

"हिच्या मोबाइलवर रात्री-अपरात्री कसले तरी संदेश येतात. विचारलं तर म्हणते, आकाशात गॅमा किरणांचा स्फोट झाला, उपग्रहाने कळवलं. परवा म्हणाली, फार मंद होता, शोधूनही कोणाला सापडला नाही. सापडलाच नाही तर त्याचं कौतुक कसलं? आता हट्ट धरला आहे की याच विषयात संशोधन करणार. फिजिक्सचे मार्क चांगले आहेत, गणितात जेमतेम बासष्ट टक्के, कॉम्प्युटरवर मात्र हात बसलेला आहे. तुम्ही एवढंच सांगा. दुर्बिणीला डोळा लावून पोट भरतं का? परदेशी पाठवावं लागेल का, कारण तेवढी ऐपत नाही. आणि मुलीने रात्र रात्र एकटीने डोंगरावर काढायची, हे आम्हाला पटत नाही. तिची आई म्हणते बँकेच्या परीक्षेचा क्लास लावा. यंदा लावू का?"

सप्रेम नमस्कार.

डोंगराच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, त्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे. दुर्बिणीला आता कोणी डोळा लावत नाही. लडाखमध्ये हानलेला, साडेचार हजार मीटर उंचीवर, आपली दोन मीटर व्यासाची ‘हिमालयन चंद्र’ नावाची दुर्बीण आहे. ती चालवणारी माणसं बसतात बेंगळुरूजवळच्या होसकोटेला आणि उपग्रहामार्फत तिला हुकूम देतात. हानलेलाच ०.७ मीटरची ग्रोथ-इंडिया ही दुर्बीण आहे. आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी मिळून उभारलेली ही दुर्बीण संगणकाने दिलेल्या यादीप्रमाणे आपली आपण फिरते. तेव्हा डोंगर, थंडी आणि एकटी पोर हे चित्र मनातून काढून टाका. जागरण मात्र चुकत नाही, घरी बसून असलं तरी.

आता ते मोबाइलवरचे संदेश. एखाद्या प्रचंड ताऱ्याचा गाभा कोसळतो किंवा दोन न्यूट्रॉन तारे (मेलेल्या ताऱ्यांचे अतिघन गोळे) एकमेकांत मिसळतात, तेव्हा काही क्षण गॅमा किरणांचा झोत सुटतो. हे किरण आपल्या वातावरणात अडतात, त्यामुळे पहारा उपग्रहांनीच करावा लागतो. (पहिले स्फोट १९६७ मध्ये अमेरिकेच्या वेला उपग्रहांना दिसले. ते उपग्रह सोडले होते चोरून केलेल्या अणुचाचण्या पकडायला!) स्विफ्ट, फर्मी यांसारख्या उपग्रहांना असा झोत लागला की काही सेकंदांत जगभर सूचना जाते. ती सूचना कोणालाही फुकट घेता येते आणि तुमच्या मुलीने तीच लावून घेतली आहे. माझ्या मते या वयात एवढं आपणहून करणारी मुलं थोडी असतात.

"मंद होता, सापडला नाही" याचा अर्थ तुमच्या धंद्यातून सांगतो. दिवाळीतला गल्ला सांगावा लागत नाही. पण एखाद्या साध्या मंगळवारी दोनशे रुपये जास्त आले, तर तो नेहमीचा चढउतार की बाहेरगावचं नवं गिऱ्हाईक, हे ओळखायला मागचे कित्येक महिने डोक्यात असावे लागतात. उपग्रहावरच्या डिटेक्टरवर स्फोट नसतानाही किरण आणि कण सतत आदळत असतात. फर्मीवर अशा कामाचे चौदा डिटेक्टर आहेत. किमान दोघांतली मोजणी एकाच वेळी नेहमीपेक्षा ठरावीक प्रमाणात वर गेली, तरच उपग्रह ओरडतो. मंद स्फोट या उंबरठ्याच्या जेमतेम वर असतो, नाहीतर खाली राहतो आणि नंतर कोणीतरी नोंदी चाळून तो उकरून काढतो.

या विषयात सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण मंद स्फोटाचंच आहे. १७ ऑगस्ट २०१७, गुरुवार, आपल्याकडे संध्याकाळचे ६ वाजून ११ मिनिटं. फर्मीला दोनएक सेकंदांचा एक किरकोळ झोत लागला आणि चौदा सेकंदांत यंत्राने आपोआप सूचना धाडली. एवढ्यावर कोणी उठून बसलं नसतं. पण त्याच्या १.७ सेकंद आधी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांना दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळल्याच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उमटणारे तरंग, लागल्या होत्या. दोन्हींची सांगड बसली आणि जगभर धावपळ सुरू झाली.

शोधायचं कुठे? फर्मीने दाखवलेला आकाशाचा तुकडा शेकडो चौरस अंशांचा होता. लायगो आणि इटलीतली तशीच वेधशाळा व्हर्गो यांच्या नोंदी जुळवून तो सुमारे तीस चौरस अंशांवर आला, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा होत आले होते. तीस चौरस अंश म्हणजे दीडशे पौर्णिमेचे चंद्र मावतील एवढी जागा. वर ती जागा सूर्यास्तानंतर लवकरच मावळणारी, म्हणजे चिलीत अंधार पडल्यावर हाताशी वेळ थोडा. तिथल्या लास कँपानास वेधशाळेत एक मीटरची स्वोप नावाची दुर्बीण आहे, आजच्या हिशेबाने लहानच. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या गटाने गुरुत्वीय लहरींवरून कळलेल्या अंतरावरच्या दीर्घिकांची, म्हणजे ताऱ्यांच्या विराट समूहांची, यादी करून, कोणती आधी पाहायची हा क्रम लावून ठेवला होता. ती यादी आणि तिच्यामागचा प्रोग्रॅम होता एका पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचा. फोटो येतील तसे जुन्या फोटोंशी ताडून पाहणारा पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी. झालेला तरुण संशोधक, सांताक्रूझलाच संगणकासमोर बसला होता. स्फोटानंतर अकरा तासांच्या आत एनजीसी ४९९३ या दीर्घिकेच्या कडेला, जुन्या फोटोत नसलेला एक ठिपका त्याला दिसला. १३ कोटी प्रकाशवर्षं अंतरावरचा. पुढच्या तासाभरात आणखी पाच गटांनी तो आपापल्या दुर्बिणीतून टिपला.

म्हणजे निकाल लागला तो वेळेवर तयार असलेल्या यादीने आणि सराईत नजरेने. त्यांच्याहून मोठ्या दुर्बिणी कितीतरी जणांकडे होत्या.

पुढचं प्रकरण तर वर्षभर पुरलं. क्ष-किरण दिसायला नऊ दिवस लागले, रेडिओ लहरी पकडायला सोळा. आणि रेडिओ तेज विझण्याऐवजी जवळजवळ पाच महिने वाढतच गेलं, कारण झोताचं तोंड थेट आपल्याकडे नव्हतं. स्फोट मंद दिसला तोही त्याचमुळे. या रेडिओ मोजमापांत आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांचा, वाटा आहे. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहाला मात्र स्फोट दिसला नाही, कारण मध्ये पृथ्वी आली होती. "आम्हाला दिसला नाही" ही नोंदसुद्धा त्यांनी रीतसर कळवली आणि शोधाची जागा आवळायला ती कामी आली. तुम्ही विचारलंत ते कौतुक हेच. न सापडण्याचीही किंमत असते, पण कुठे, किती वाजता आणि किती मंद प्रकाशापर्यंत शोधलं हे नीट लिहिलं तरच.

इथून पुढचा भाग मुलीच्या हातात द्या.

बाळा, तू "गॅमा किरण स्फोटांत संशोधन" म्हणतेस, पण ते एक काम नाही. डिटेक्टर बनवणारी माणसं वेगळी, त्यांचं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्स आणि उपकरणशास्त्राकडे झुकलेलं. नोंदींतून स्फोट वेचणारे प्रोग्रॅम लिहिणारी वेगळी. दुर्बिणीचा नवा फोटो घेऊन त्यातून जुना वजा करणारी, आणि उरलेल्या ठिपक्यांतला लघुग्रह कोणता, तेज बदलणारा रूपविकारी तारा कोणता, कॅमेऱ्यातला खराब बिंदू कोणता हे निवडणारी वेगळी. वर्णपट घेऊन अंतर काढणारी, रेडिओवाली, आणि कागदावर झोताचं गणित मांडणारी, हे आणखी निराळे. तुझ्या वडिलांनी लिहिलेल्या दोन ओळींवरून मला वाटतं तुझी जागा दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारात आहे. मी तुला पाहिलेलं नाही, तेव्हा हा अंदाजच समज.

तो तपासायचा मार्ग घरात आहे. फर्मीच्या नोंदी नासाच्या संग्रहात सर्वांना खुल्या आहेत. त्यातला बीएन१७०८१७५२९ क्रमांकाचा स्फोट उतरवून घे. हाच तो. त्यातल्या १, २ आणि ५ क्रमांकांच्या डिटेक्टरांची मोजणी एकत्र कर, ५० ते ३०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट एवढाच पट्टा ठेव आणि पायथनमध्ये आलेख काढ. आधी पाव सेकंदाचे कप्पे पाड. अर्ध्या सेकंदाचा एक उंचवटा आणि त्यामागे ओढत गेलेली मंद शेपटी दिसेल. मग कप्पे चार सेकंदांचे कर आणि तो उंचवटा कसा बुजून जातो ते बघ. मग फार लहान कर, तेव्हा तो गलबल्यात विरघळेल. किती कप्पा घेतला तर स्फोट "आहे" म्हणता येईल, आणि तसं म्हणताना चूक होण्याची शक्यता किती, हे एका पानावर लिही. यात तुझी संध्याकाळ कधी संपली कळलं नाही, तर पुढचं बोलू. कंटाळा आलाच, तर तेही दुसऱ्या वर्षात कळलेलं बरं, कारण या धंद्यात बहुतेक दिवस असेच जातात. बातमीत येणारा दिवस क्वचित.

त्या एका पानासाठी तुला, अशा मोजणीतला चढउतार सांगणारं, पॉइसाँ वितरण लागेल. म्हणून गणिताचं मनावर घे. बासष्ट टक्क्यांवर पदवी मिळेल, पण जॅमच्या, म्हणजे एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेच्या, पेपरमध्ये गणिती पद्धतींना बगल देता येत नाही. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत आयआयटीची जॅम असते. त्यातून आयआयटींत एम.एस्सी.ला आणि बेंगळुरूच्या आयआयएस्सीच्या एकात्मिक पीएच.डी.ला जाता येतं. एम.एस्सी.नंतर पुण्यातल्या आयुका आणि एनसीआरए, नैनितालची एरीज, बेंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था, मुंबईची टीआयएफआर अशा संशोधन संस्था आहेत. यांच्यासाठी जेस्ट, नेट आणि संस्थांच्या स्वतःच्या परीक्षा असतात. त्याआधी, पुण्यात महाविद्यालयीन मुलांसाठी रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा भरते, तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेव. आणि २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला जीएमआरटी लोकांसाठी खुली असते. तिथे तबकडीसमोर सेल्फी काढून परत येऊ नकोस. तिथल्या तरुण मंडळींना गाठ आणि विचार, बी.एस्सी. कुठे केलंत, गणितात किती होते.

मोबाइलवर नुसत्या सूचना वाचू नकोस. सूचनेनंतरच्या तासांत आणि दिवसांत वेगवेगळे गट छोटी परिपत्रकं पाठवतात: अमुक वाजता अमुक दुर्बिणीने पाहिलं, इतक्या प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजाचं माप) काही नाही. एकाच स्फोटाची अशी सगळी परिपत्रकं क्रमाने वाच. स्फोटामागचा उजेड ढोबळमानाने असा उतरतो की तासाने जेवढा असतो त्याचा दहावा हिस्सा दहा तासांनी उरतो, म्हणजे अडीच प्रतींची घट. त्यावरून कोणत्या आकाराच्या दुर्बिणीला कधीपर्यंत संधी होती याचा हिशेब तुला मांडता येईल. परिपत्रकं वाचायची ती या हिशेबासाठी.

आता पुन्हा तुमच्याकडे वळतो.

पैशाचं स्पष्ट सांगतो. पीएच.डी. करताना फी भरायची नसते असं नाही, पण विद्यार्थ्याला दरमहा पाठ्यवृत्ती मिळते. २०२३ पासून केंद्राच्या कनिष्ठ संशोधन वृत्तीचा दर महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ४२,०००, शिवाय घरभाडं. म्हणजे एम.एस्सी.नंतर घरातून पैसे द्यावे लागणार नाहीत. परदेशाची गाठ पडलीच तर पीएच.डी.नंतर पडते आणि तो पगारी मुक्काम असतो. कर्ज काढून पाठवण्याची वेळ नाही. एजंट कोणी तसं सांगत आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

कायमच्या जागा मात्र कमी आहेत. प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ म्हणून पक्की नोकरी लागेपर्यंत तिशी ओलांडते आणि अनेकांना ती लागतच नाही. लग्नाची घाई असलेल्या घरात हा काळ जड जातो, हे मी गोड शब्दांत झाकणार नाही. ज्यांना लागत नाही ते उपाशी राहत नाहीत. मोजणीतून खरा उंचवटा वेगळा काढणारी माणसं विमा कंपन्यांना, बँकांना आणि सॉफ्टवेअरवाल्यांना हवी असतात, सेट-नेट झालेल्याला कॉलेजात शिकवता येतं. आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ती सुरू झाली की अशा स्फोटांच्या जागा आजच्यापेक्षा नेमक्या कळतील आणि तिला लागणारी माणसं आज कुठल्या तरी कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच असणार. त्यात तुमची मुलगी असेलच असं मी म्हणत नाही.

राहिला बँकेचा क्लास. यंदा लावू नका. सरकारी बँकांच्या आयबीपीएस परीक्षांना क्लार्कसाठी २८ आणि अधिकाऱ्यासाठी ३० वर्षांपर्यंत बसता येतं, तेव्हा जॅमला यश आलं नाही तरी तिच्याकडे वेळ आहे. तिच्या आईला ही वयाची अट जरूर दाखवा. क्लासची फी वाचेल त्यातून बार्शीत किंवा सोलापुरात गणिताची चांगली शिकवणी लावा आणि मुलीकडचा लॅपटॉप जुना असेल तर त्याची मेमरी वाढवून घ्या, कारण त्या नोंदींच्या फायली जड असतात.