मातीचा गणपती आणि लिसाचा सांगाडा

सोनू,

'द सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेचा तो १९९७ सालचा भाग, 'लिसा द स्केप्टिक', बघून तू विचारलंस, "मग आपला गणपतीही फेकच ना? माणसंच करतात की." लागलं मला ते. पण प्रश्न रास्त आहे, म्हणून लिहितेय.

त्या भागात गावात पंख असलेला सांगाडा सापडतो आणि सगळे त्याला देवदूत मानतात, एकटी शाळकरी लिसा सोडून. सगळी करामत चित्राची आहे. पंखांचा सांगाडा, टेकडी, मावळतीची वेळ. देवदूत कसा दिसतो हे गावाच्या डोळ्यांना आधीपासून पाठ असतं, आणि मॉलवाले जाहिरातीसाठी नेमकं तेच पुरून ठेवतात. लिसाने ज्याला सांगाड्याचा तुकडा तपासायला दिलेला असतो, तो शास्त्रज्ञ गूल्ड तर चाचणी केलीच नव्हती, असं शेवटी सांगून टाकतो!

आपल्याकडे घडवणं कुणी लपवत नाही गं. सांगलीला आबांच्या पडवीत शाडू सगळ्यांदेखत मळला जायचा. सैल मळला तर सोंड खाली बसते. घाईने उन्हात वाळवला तर पोटाला चिरा जातात, कारण वरचा थर आधी आकसतो आणि आत ओल राहते. मग चिरेत पातळ शाडू भरायचा आणि मूर्ती पुन्हा सावलीत. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, ती काकाच करायचा. चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा: मूर्तीच्या हृदयाशी हात ठेवून मंत्र, दूर्वेने डोळ्यांना तूप. तिथून पुढे तो देव. उत्तरपूजेच्या अक्षता पडल्या, मूर्ती जागची जराशी हलवली, की परत माती, आणि मग कृष्णेत. घरातल्या लहानग्यांनाही हे ठाऊक असायचं.

इथवर मला माझं म्हणणं पटतं. पण सांगलीच्याच गणपती मंदिरात चोर गणपती असतो. चतुर्थीच्या आधीच, प्रतिपदेला, गाजावाजा न करता बसतो. कागदाच्या लगद्याचा, आणि त्याचं विसर्जन करत नाहीत. तिथे माझा मातीचा हिशेब लागत नाही. आजी मात्र त्यालाही तेवढ्याच मनापासून हात जोडायची. का, ते मला तुला समजावता येत नाही.

आणि सांगाडा बोलू लागतो तेव्हा लिसा आईचा हात घट्ट धरते, ते पाहिलंस ना? तिचा विश्वास नसतो, तरी धरते. मला तिथे ती खोटी वाटली नाही.

आरतीला उभं राहायचं की नाही, तू ठरव. शाडू मागवलाय. सोंड तू लावलीस तर मला फार आवडेल. जोडाच्या दोन्ही बाजू आधी खरवडून ओल्या कर, नाहीतर वाळताना सुटून येते.

तुझी आई