जिन, सफरचंद आणि मसाल्याचा पाक : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

इंग्लंड-अमेरिकेत सप्टेंबर ते नोव्हेंबर हा सफरचंदं उतरवण्याचा हंगाम. दालचिनी, लवंग, जायफळ घातलेली पेयं तिकडे याच दिवसांत निघतात. आपल्याकडेही त्याच सुमारास हिमाचल-काश्मीरची सफरचंदं बाजारात येतात, फरक इतकाच की बाहेर ऑक्टोबरचं ऊन तापलेलं असतं. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : जिन, सफरचंदाचा रस आणि मसाले वापरून घरी करता येईल असं एक साधं कॉकटेल मापांसह सांगाल का? शेकर वगैरे काही नाही. (पुणे)

आधी मसाल्याचा पाक करून ठेवायचा. दालचिनीचे बोटभर लांबीचे दोन तुकडे मोडून घ्या, त्यात तीन लवंगा आणि एक चक्रीफूल घाला आणि कोरड्या तव्यावर मंद आचेवर मिनिटभर फिरवा. वास सुटला की उतरवा, रंग बदलेपर्यंत थांबू नका. पातेल्यात 200 मिली पाणी, हे मसाले आणि आल्याच्या चार पातळ चकत्या घालून झाकण ठेवा आणि पाच मिनिटं मंद उकळी येऊ द्या. मग 200 ग्रॅम साखर घालून ढवळा. ती विरघळली की गॅस बंद. झाकण ठेवून वीस मिनिटं मुरू द्या आणि गाळा. साधारण 300 मिली पाक मिळतो, म्हणजे वीस ग्लासांची सोय झाली. स्वच्छ, कोरड्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवला तर दोन-तीन आठवडे चांगला राहतो. ओला चमचा बुडवला की बुरशी धरते. पांढरे धागे किंवा बुडबुडे दिसले तर सगळा ओतून द्या.

एका ग्लासासाठी जिन 45 मिली, सफरचंदाचा रस 60 मिली, लिंबाचा ताजा रस 15 मिली आणि पाक 15 मिली. खोकल्याच्या औषधाबरोबर मापाचं टोपण येतं ते धुऊन घ्या, त्यावर मिलीच्या खुणा असतात. शेकर नसला तरी रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची काचेची बरणी चालते. बरणी दोन-तृतीयांश बर्फाने भरा, सगळं ओता, झाकण लावून दहा-बारा सेकंद जोरात हलवा आणि चहाच्या गाळणीने थंड ग्लासात गाळा. वरून जायफळ किसणीवर दोनदा ओढा, तिसऱ्यांदा नको. बंद बरणीत सोडा किंवा गरम काही घालून हलवू नका, दाबाने झाकण उडतं.

चव बघून फेरफार करायचा तो पाच-पाच मिलीनेच. पॅकबंद सफरचंदाच्या रसात दर 100 मिलीमागे 10-11 ग्रॅम साखर असते आणि 15 मिली पाकात साधारण 9 ग्रॅम. म्हणून पेय गोडमिट्ट झालं तर आधी पाक कमी करा, जिन वाढवू नका. घरी काढलेला रस लगेच काळा पडतो, त्यात काढल्या काढल्या थोडं लिंबू पिळा.

प्रश्न : काड्या नव्हत्या म्हणून पाकात दालचिनीची पूड घातली. गाळल्यावरही पाक बुळबुळीत राहिला आणि ग्लासात तळाशी चिखल बसला. काय चुकलं? (ठाणे)

पूड, दुसरं काही नाही. दालचिनीच्या सालीत चिकट द्रव्य असतं, ते पाण्यात फुगतं. अख्ख्या तुकड्यातून ते बेताने सुटतं, पुडीतून एकदम आणि गाळणीतूनही सहज निसटतं. अख्खा तुकडा अर्धा-पाऊण तास उकळत ठेवला तरी तेच होतं, म्हणून पाच मिनिटं उकळी आणि वीस मिनिटं मुरवणं, एवढंच. बुळबुळीत झालेला पाक सुधारत नाही. चहात संपवा.

किराणा दुकानातली दालचिनी बहुधा जाड, टणक सालीची असते. ती तिखट आणि झणझणीत. श्रीलंकेची दालचिनी कागदासारख्या पातळ थरांची गुंडाळी असते, बोटांनी चुरडते आणि चवीला सौम्य, गोडसर. जिनबरोबर आम्ही दुसरीला पसंती देऊ. जाड सालच हाताशी असेल तर दोन तुकड्यांऐवजी एकच घ्या.

याच पाकाबद्दल आणखी एक तक्रार वारंवार येते : बर्फावर ओतला की त्याची गुठळी होते. अशा वेळी पाक एकतारीपर्यंत नेलेला असतो. मिठाईची सवय झालेल्या हाताला साखर विरघळताच गॅस बंद करणं अपुरं वाटतं, पण इथे तेवढंच हवं.

प्रश्न : जिनच्या बाटलीत दालचिनी, लवंगा, वेलची घालून आठवडाभर ठेवली. आता कडू लागते आणि जीभ बधिर होते. बाटली वाचेल का? (नाशिक)

वाचेल. गाळून घ्या आणि एका मापाला तीन-चार मापं साधी जिन मिसळून चव पाहा. बधिरपणा लवंगेतल्या युजेनॉलचा. दातदुखीवर लवंगेचं तेल लावतात ते त्यासाठीच. पाण्यापेक्षा मद्यार्कात तो कितीतरी वेगाने उतरतो. पहिल्या दिवशी वास येतो, त्यानंतर सालीतला तुरटपणा आणि कडवटपणाच येत राहतो. आठवडा ही मुदत फळांना ठीक, मसाल्यांना नव्हे.

मसाला जिनमध्येच हवा असेल तर 180 मिलीच्या क्वार्टरवर प्रयोग करा. दालचिनीचा एक लहान तुकडा बारा तास, एकच लवंग दोन तास, ठेचलेली एक वेलची चार तास. प्रत्येक वस्तू आपल्या वेळेला बाहेर काढायची, त्यासाठी दोरा बांधून सोडलेली बरी. चक्रीफुलाने जिनमध्ये पाणी किंवा बर्फ पडल्यावर धूसरपणा येऊ शकतो, कारण त्यातलं अ‍ॅनेथॉल मद्यार्कात विरघळतं पण पाण्यात नाही. त्याने बिघडत काही नाही, दिसायला मात्र गढूळ.

तरी आमचं मत पाकाच्याच बाजूने आहे. जिनमध्ये जुनिपर (जिनला तिचा खास वास देणारं छोटं फळ), धणे, लिंबू-संत्र्याच्या साली असा मसाला आधीच असतो. पाक चुकला तर थोडी साखर जाते, बाटली चुकली तर काय जातं ते तुम्हाला कळलंच आहे. जिन घेताना जुनिपर ठळक असलेली 'लंडन ड्राय' पद्धतीची घ्या. गोव्यात होणाऱ्या 'ग्रेटर दॅन' किंवा 'स्ट्रेंजर अँड सन्स'सारख्या जिन या कामाला चालतात. गुलाबी, बेरीच्या चवीच्या जिन इथे नकोत, त्यांचा गोडवा दालचिनीशी जमत नाही.

प्रश्न : बर्फ कमी घालूनही पेय पाणचट लागतं. (मुंबई)

कमी घातला म्हणूनच. चार खडे कोमट जिन आणि रसाला थंड करताना स्वतः विरघळून जातात. भरपूर बर्फ असेल तर सगळं झटपट गार होतं आणि तुलनेने कमी पाणी सुटतं. बर्फ ट्रेमधून थेट बरणीत टाका. ओट्यावर दहा मिनिटं पडलेल्या खड्यांवरचं पाणी आधीच तुमच्या पेयात जमा होतं. जिन आणि रस दोन तास आधी फ्रीजमध्ये ठेवा. आपल्याकडच्या ऑक्टोबरात ही पायरी टाळून चालत नाही. हलवताना 30-35 मिली पाणी मिसळणं अपेक्षित आहे, त्याशिवाय जिन घशाला लागते.

प्रश्न : इथे शरदात स्लो जिन मिळते. ती वापरली तर? (लंडन)

वापरा, पण साध्या जिनच्या जागी पूर्णपणे नको. स्लो हे ब्लॅकथॉर्न झुडपाचं छोटं, काळपट जांभळं, तोंड आवळून टाकणारं तुरट फळ. ते जिनमध्ये साखरेसह मुरवतात, त्यामुळे स्लो जिन गोड आणि सौम्य असते, बहुधा 25 ते 30 टक्क्यांची. साधी जिन 25 मिली, स्लो जिन 25 मिली, सफरचंदाचा रस 50 मिली, लेमनचा रस 20 मिली आणि पाक फक्त 5 मिली असं माप ठेवा. तिकडचं मापही 25 मिलीचं, त्यामुळे सोपं जाईल. रस गढूळ, न गाळलेला घ्या. तो ब्रॅमली सफरचंदाचा असेल तर लेमन 10 मिलीवर आणा, ते सफरचंद मुळातच आंबट असतं.

प्रश्न : आमच्याकडे शेतांवर 'अ‍ॅपल सायडर' मिळतं. ते चालेल की त्यात आधीच दारू असते? (न्यू जर्सी)

अमेरिकेत नुसतं 'सायडर' लिहिलेलं असेल तर तो न आंबवलेला, गढूळ रसच असतो. 'हार्ड' लिहिलं असेल तर आंबवलेला. या पेयाला पहिला उत्तम. लेबलवर मसाला घातल्याचं लिहिलं आहे का तेवढं बघा. असेल तर आमच्या पाकाऐवजी साधा साखरेचा पाक घ्या. तुमच्या औंसात माप : जिन दीड, सायडर दोन, लिंबू अर्धा, पाक अर्धा.

प्रश्न : लवंगेऐवजी तिरफळं घातली तर? आणि लिंबाऐवजी कोकम? (सावंतवाडी)

तिरफळं जरूर. चार तिरफळं घ्या, आतल्या काळ्या बिया टाकून द्या, सालं हलकी ठेचा आणि गॅस बंद केल्यावर पाकात दहा मिनिटंच ठेवा. लवंग मात्र वगळा, दोन्ही जीभ बधिर करतात. कोकमाच्या आगळात, म्हणजे खारवलेल्या रसात, मीठ असतं, त्यामुळे 15 मिली आगळ घातलंत तर सोलकढीची आठवण येईल. 5 मिली आगळ आणि 10 मिली लिंबू असं करून बघा, रंगही देखणा येतो.

प्रश्न : साखरेऐवजी गूळ? (कोल्हापूर)

निम्मा. 100 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम साखर. नुसता गूळ घातला की त्याचाच स्वाद पुढे येतो आणि जुनिपर हरवतो. पाक मलमलच्या फडक्यातून गाळा, गुळात बारीक कचकच असते. आठ-दहा दिवसांत संपवा.

प्रश्न : दिवाळीनंतर बारा जणांना बोलावलंय. आदल्या दिवशी करून ठेवता येईल का? (नागपूर)

लिंबू सोडून सगळं ठेवता येईल. जिन 540 मिली, सफरचंदाचा रस 720 मिली, पाक 180 मिली आणि गार पिण्याचं पाणी 360 मिली. हे पाणी बर्फ हलवताना सुटणाऱ्या पाण्याऐवजी आहे, ते वगळू नका. 750 मिलीच्या बाटलीतून हे सारं होऊन थोडी जिन उरेल. लिंबाचा रस 180 मिली लागेल, त्यासाठी दहा-बारा रसाळ लिंबं. तो पाहुणे यायच्या दोन तास आधी काढून मिसळा, रात्रभर राहिला तर कडसर होतो. पिळताना साल फार दाबू नका. पेयाच्या जगमध्ये बर्फ टाकू नका, ग्लासात मोठे खडे घालून वर ओता. सफरचंदाच्या चकत्या लिंबाच्या पाण्यात बुडवून ठेवल्या तर काळ्या पडत नाहीत.

जग काचेचा किंवा स्टीलचा घ्या. शोभेसाठी तांब्या-पितळेची भांडी काढली जातात, पण कल्हई नसेल तर लिंबामुळे पेय कळकतं.

42.8 टक्क्यांची जिन धरली तर तयार ग्लासात मद्यार्क साधारण 11-12 टक्के असतो, म्हणजे वाइनच्या जवळपास. पण गोड-आंबट असल्याने हे पेय वाइनपेक्षा भराभर संपतं. महाराष्ट्रात जिनसारख्या मद्यासाठी किमान वय 25 आहे आणि परवाना लागतो, पुतणे-भाचे येणार असतील तर हे लक्षात असू द्या.

न पिणाऱ्यांसाठी वेगळा जग करा : दर ग्लासाला रस 90 मिली, लिंबू 15, पाक 15 आणि देताना वरून 60 मिली गार सोडा. दोन्ही जग दिसायला जवळजवळ सारखे असतात, म्हणून जिनच्या जगाला आधीच चिठ्ठी चिकटवा.