पहिला एचडी टीव्ही घेताय? आधी टेप काढा

ब्रँड नंतर. सोफ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर आधी मोजा. चार-पाच फूट असेल तर ३२ इंची पुरतो, सहा-सात फुटांना ४३ इंची. इंच कर्णात मोजतात, त्यामुळे ४३ इंची पडदा रुंदीला साधारण ९५ सेंमी भरतो. शोकेसचा कप्पाही मोजून घ्या.

मग रेझोल्यूशन, म्हणजे पडद्यावर आडवे-उभे किती ठिपके. 'एचडी रेडी' म्हणजे बहुधा १३६६ × ७६८, 'फुल एचडी' म्हणजे १९२० × १०८०. ३२ इंचीत एचडी रेडी चालून जातो. ४३ इंचीत मात्र फुल एचडीच्या खाली उतरू नका. खोक्यावरचं 'फोर-के सपोर्ट' (फोर-के म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके) वाचून हुरळू नका, पॅनेलचा, म्हणजे खुद्द पडद्याचा आकडा विचारा.

नवखे हमखास इथे फसतात:

- जुना एसडी (एचडीपेक्षा कमी ठिपक्यांचा) सेटटॉप बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने जोडतात आणि चित्र धुरकट म्हणून टीव्हीला दोष देतात. एचडी बॉक्स, एचडी चॅनेलचा पॅक आणि एचडीएमआय केबल (चित्र-आवाज एकाच वायरीतून नेणारी), तिन्ही लागतात. केबल साधी चालते, महागडी नको.
- दुकानातल्या भडक रंगांना भुलतात. तिथे 'व्हिव्हिड' मोड असतो. 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा' लावायला सांगा आणि बाजूला उभं राहूनही बघा, स्वस्त पॅनेल तिथेच फिकं पडतं.
- एचडीएमआय पोर्ट मोजत नाहीत. दोन तरी हवेतच.

स्मार्ट टीव्हीत १ जीबी रॅम वर्षभरात रडवते. त्यापेक्षा चांगल्या पॅनेलचा साधा टीव्ही घ्या, स्ट्रीमिंग स्टिक (एचडीएमआय पोर्टला लावून ॲप चालवणारी छोटी कांडी) नंतर लावता येते. एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणारं तंत्र) वगैरे सध्या सोडा. वॉरंटीत पॅनेल धरलंय का, एवढं बिलावर लिहून घ्या.