तात्यांना विचारा: वटवाघळाच्या तोंडाचा पोरगा

प्रश्न: तात्या, मुलगा गणपतीला मुंबईहून आला तो एक काळा टी-शर्ट घालून. त्यावर टोकदार कानांचा, बटबटीत डोळ्यांचा, तोंड वासलेला पोरगा. अमेरिकेतल्या एका पेपरात म्हणे याच्या बातम्या यायच्या. सासूबाई तो टी-शर्ट पडवीत वाळत घालू देत नाहीत. असा पेपर खरंच होता? आणि लोक तो विकत घ्यायचे?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर: होता, ताई. 'वीकली वर्ल्ड न्यूज' त्याचं नाव. मालक जेनेरोसो पोप. त्याचं आधीचं साप्ताहिक 'नॅशनल एन्क्वायरर' रंगीत छापलं जाऊ लागलं आणि जुनं काळंपांढरं यंत्र रिकामं पडलं. यंत्र बसून राहिलेलं कुठल्या मालकाला बघवतं? त्याने १९७९ मध्ये त्यावर हा दुसरा पेपर काढला. एन्क्वायररकडे नटनट्यांची लफडी, याच्याकडे परग्रहावरचे पाहुणे. गायक एल्व्हिस प्रेस्ली १९७७ मध्ये वारला, तर १९८८ मध्ये यांनी तो जिवंत असल्याचं छापलं. तुमच्या मुलाच्या छातीवरचा 'बॅट बॉय' १९९२ चा. वेस्ट व्हर्जिनियातल्या गुहेत सापडला म्हणे. पुढे तो पळाला, पकडला गेला, परत पळाला, आणि २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर त्याचं संगीत नाटकही आलं. छापील पेपर २००७ मध्ये बंद पडला. सासूबाईंना सांगा, पोरगं निरुपद्रवी आहे. तरी सणापुरता टी-शर्ट मागीलदारी वाळत घाला, उगाच वाद कशाला!

आता 'लोक विकत घ्यायचे?' हे. अहो, लाखांनी! दुकानात बिलाच्या रांगेशेजारीच हे पेपर मांडलेले असत. मी कुडाळला एस.टी. स्टँडसमोर पेपर विकले आहेत. रांगेतल्या किंवा गाडीची वाट बघणाऱ्या माणसाचा हात कुठे जातो ते मला ठाऊक आहे. मुंबईचे सांजपेपर आमच्याकडे रातराणीने शिळे होऊन यायचे, तरी खपायचे. गिऱ्हाईक मथळा वाचून हसायचं, "तात्यानु, गजाल खरी काय?" विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता पैसे काढायचं. हाच माणूस आंब्याचा भाव मात्र चष्मा लावून दोनदा वाचणार. त्याला भोळा म्हणू नका. रात्री पडवीत कुणी देवचाराने, म्हणजे भुताने, विडी मागितल्याची गजाल सांगितली, तर आपण कुठे पंचनामा मागतो? 'मेन इन ब्लॅक' या १९९७ च्या चित्रपटाने तर कमाल केली. त्यातले गुप्त अधिकारी परग्रहवासीयांची खबर काढायला असलेच पेपर चाळतात.

माझं डोकं फिरतं ते वेगळ्या जातीच्या पेपरांवर. १९५९ मध्ये मुंबईत नौदलातल्या नानावटींनी पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या. रुसी करंजियांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना जाऊ लागला. आहुजा मेला तेव्हा त्याच्या अंगावर टॉवेलच होता, म्हणून फेरीवाले 'आहुजा टॉवेल' आणि 'नानावटी रिव्हॉल्व्हर' विकत होते. आहुजा मेला होता, पण त्याची बहीण साक्षीला उभी होती. तिने रस्त्यावरून जाताना काय काय ऐकलं असेल? लंडनचं 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' तर १८४३ चं. खून झालेल्या एका शाळकरी मुलीच्या फोनवरचे निरोप त्यांच्या माणसांनी चोरून ऐकले, हे उघड झालं आणि जुलै २०११ मध्ये ते बंद करावं लागलं. बॅट बॉयला ना बहीण, ना फोन.

प्रश्न: मराठी पत्रकारितेचा आरंभही असाच मसालेदार होता का?
– एक विद्यार्थी, देवगड

उत्तर: छे! 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत निघालं, एका रकान्यात मराठी आणि शेजारी इंग्रजी. मसाला शोधशील तर निराश होशील. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर तुझ्याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. तिथे त्यांचं स्मारक आहे, जाऊन ये. गाडी किती वाजता सुटते ते मात्र मला विचारू नकोस. स्टँड सोडून बरीच वर्षं झाली.